नॅ-मिक प्रोजेक्ट वीकची तयारी कशी करावी? (जबड्याचा सीटी, थ्रीडी स्लायसर वगैरे)

वेताळटेकडी

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात मेडिकल इमेज सेगमेंटेशनवर (स्कॅनमधले अवयव वेगळे काढण्यावर) पीएचडी करतोय. जानेवारीत स्पेनच्या ग्रॅन कॅनरिया बेटावर, लास पालमासला, नॅ-मिकचा (नॅशनल अलायन्स फॉर मेडिकल इमेज कम्प्युटिंग, वैद्यकीय चित्रांवर काम करणाऱ्यांचा अमेरिकेतला गट) प्रोजेक्ट वीक आहे. त्यात भाग घ्यायचं मनात आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: थ्रीडी स्लायसर हे सीटी, एमआरआय बघायचं, त्यातले अवयव वेगळे काढायचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलची सर्जिकल प्लॅनिंग लॅब आणि एमआयटी यांच्या कामातून नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते उभं राहिलं. ते वापरणारे आणि लिहिणारे लोक वर्षातून दोनदा आठवडाभर एकत्र बसून आपापल्या प्रकल्पांवर काम करतात. हिवाळ्यातला आठवडा गेली काही वर्षं बहुतेक वेळा लास पालमासला असतो, उन्हाळ्यातला अमेरिका-कॅनडाकडे.

माझा प्रकल्प असा. तोंडाच्या कर्करोगात बऱ्याचदा खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागतो आणि तिथे पायातल्या फिब्युलाचं हाड बसवतात. मला असं करायचंय की सीटी टाकला की जबडा, दात, गाठ आपोआप वेगळे होतील, कापायची रेषा ठरेल, फिब्युलाचे तुकडे मोजून मिळतील आणि थ्रीडी प्रिंटसाठी कटिंग गाइडची फाइल बाहेर पडेल. मॉडेल डीप लर्निंगचं. आठवड्यात निदान पहिली आवृत्ती उभी राहावी अशी इच्छा आहे.

कोड किती तयार करून जायचा? डेटा कुठून आणायचा? माझ्या लॅपटॉपला धड जीपीयू नाही, तो चालेल का? आणि प्रत्यक्ष जाण्यात अर्थ आहे की घरी बसून भाग घेतला तरी तेच?

पाटपाणी

रुमाल टाकून ठेवते. माझा मुलगा बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला लिंक पाठवली.

चार्ल्सकाठचा

वेताळ, अभिनंदन. पण तू लिहिलंयस ते एका आठवड्याचं काम नाही, दोन पीएचड्या आणि एक कंपनी एवढं काम आहे.

मी बॉस्टनला असतो, या आठवड्यांना जाऊन-येऊन असतो. आधी हा प्रकार काय आहे ते नीट समजून घे. नाव ऐकून लोकांना हॅकेथॉन वाटतं. शेवटी बक्षीस, रात्रभर जागरण, डेमोची मारामारी, असलं काही इथे नसतं. नॅ-मिक २००४ मध्ये एनआयएचच्या (अमेरिकी सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था) अनुदानावर सुरू झालं, पहिला प्रोजेक्ट वीक २००५ चा. मूळ अनुदान संपून जमाना झाला, आठवडा मात्र चालू राहिला. (या अनुभवावर टीना कपूर आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा शोधनिबंध आहे, जरूर वाच.) सोमवारी प्रत्येक प्रकल्पवाला उठून अगदी थोडक्यात सांगतो की मी काय करणार आहे. स्लाइड नाहीत, पडद्यावर फक्त त्याचं प्रकल्पपान. मग आठवडाभर टेबलांभोवती काम, मधूनमधून एखाद्या विषयावर छोटी सत्रं, आणि शुक्रवारी तेच पान पुन्हा उघडून काय झालं, काय राहिलं ते सांगायचं.

म्हणजे तयारी कसली? ते पान लिहायची. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) प्रोजेक्ट वीकची रिपॉझिटरी आहे. साच्यात मार्कडाउनमध्ये लिहायचं: कोण करणार, वर्णन, उद्दिष्ट, योजना, प्रगती, चित्रं, पार्श्वभूमी. आणि पुल रिक्वेस्ट (पान सामील करून घ्यायची विनंती) टाकायची. त्याआधी काही आठवडे दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असतो, तिथे आपला विचार मांडायचा. ग्रॅन कॅनरियाचं तिकीट काढण्यापेक्षा त्या कॉलला हजर राहणं महत्त्वाचं, कारण "अरे हे तर अमक्याने केलंय, त्याच्याशी बोल" हे वाक्य तिथे ऐकायला मिळतं.

ते वाक्य मी आत्ताच ऐकवतो. फिब्युलाने जबडा बांधायच्या प्लॅनिंगसाठी स्लायसरमध्ये 'बोन रीकन्स्ट्रक्शन प्लॅनर' नावाचं एक्स्टेंशन (वरून जोडायचा भाग) आहे. जबडा कापायची प्रतलं, फिब्युलाचे तुकडे, कटिंग गाइड, सगळं त्यात आहे. जबडा आणि दात वेगळे काढायला 'डेंटल सेगमेंटेटर' आहे. ते एनएन-यूनेटवर (सेगमेंटेशनची डीप लर्निंग पद्धत) चालतं आणि पाच गोष्टी देतं: वरचा जबडा नि त्याला लागून कवटीचा भाग, खालचा जबडा, वरचे दात, खालचे दात आणि खालच्या जबड्यातल्या नसेची वाहिनी. दोन्ही आज रात्री बसवून बघ. मग इथे येऊन सांग की तुझ्यासाठी काय उरलं.

डब्यातला_नंबर

म्हणजे सगळं आधीच झालेलं आहे. मग जायचं कशाला? स्वच्छ विचारतो: आपल्या पोरांनी सुट्टी काढून, खिशातून तिकीट काढून बाहेरच्या लॅबच्या सॉफ्टवेअरचे बग दुरुस्त करायचे, आणि नाव त्यांचं. नाही का?

रंकाळा

कोल्हापूरहून. मी तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. डब्यातला_नंबर, तुमचा राग समजतो, पण हे सॉफ्टवेअर बाहेरच्या लॅबचं राहत नाही. स्लायसरचा परवाना बीएसडी धर्तीचा आहे. मी इथे ते फुकट वापरतो, उद्या कुणी त्यावर धंदा केला तरी चालतं. बाहेरच्या कंपनीकडून एका केसचं प्लॅनिंग आणि गाइड करून घ्यायचा खर्च माझ्या बहुतेक पेशंटांना झेपत नाही. तंबाखू आणि गुटख्यामुळे आमच्याकडे या केसेस किती येतात ते काय सांगायचं.

वेताळ, आता सर्जन म्हणून बोलतो. फिब्युलाने जबडा बांधणं जुनं आहे, १९८९ मध्ये हिडाल्गोने ते मांडलं. ऑपरेशन आम्हाला येतं. तुझ्या यादीतली "कापायची रेषा आपोआप" ही गोष्ट मला नकोच आहे. गाठीपासून किती अंतर सोडून कापायचं हे बोटाने तपासून, एमआरआय बघून, बायोप्सी वाचून मी ठरवणार. यंत्राने सुचवलेली रेषा पडद्यावर दिसली की ज्युनियर डॉक्टरचा हात तिकडेच जातो, याची मला भीती वाटते.

मला अडतं ते दुसरीकडे. गाठीने हाड पोखरलेलं असतं तिथे ही मॉडेल्स काय करतात? माझ्या अनुभवात दोन प्रकार दिसतात. कधी पोखरलेला भाग जबड्यातून गळतो आणि हाडाला भगदाड पडतं, तर कधी मॉडेल स्वतःच्या मनाने हाड भरून देतं आणि जबडा धडधाकट दिसतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. त्यात भर म्हणजे दातात चांदी भरलेली असली की सीटीत पट्टेच पट्टे. दोनचार तास सेगमेंट एडिटरमध्ये (स्लायसरमधलं हाताने रंगवायचं साधन) ब्रश घेऊन बसावं लागतं. तेवढं कमी करून दे, बाकी आम्ही बघतो.

वेताळटेकडी

रंकाळा सर, सोनं दिलंत. चार्ल्सकाका, दोन्ही बसवून बघितली. खरंच, माझ्या यादीतलं बहुतेक आहे. रात्री जरा निराश झालो होतो, पण सरांचा प्रतिसाद वाचल्यावर वाटतंय की "पोखरलेल्या हाडाजवळ मॉडेल कुठे चुकतं ते दाखवायचं आणि दुरुस्त करायला सोपं साधन द्यायचं" एवढाच प्रकल्प घ्यावा. हे फारच लहान होईल का?

चार्ल्सकाठचा

काका नको रे, अजून पन्नाशी व्हायची आहे.

लहान अजिबात नाही. आणखी लहान कर. "दाखवायचं" हे एक, "दुरुस्त करायचं" हे दुसरं. आठवड्यासाठी पहिलं घे, दुसऱ्याचा कच्चा आराखडा ठेव. आणि या दोन्ही एक्स्टेंशनच्या कर्त्यांना आत्ताच स्लायसरच्या डिस्कोर्सवर (चर्चेचा मंच) लिही. चार ओळी, एक चित्र, एक नेमका प्रश्न. "मला मदत करा" असं मोघम लिहू नकोस. त्यांच्यापैकी कुणी येणार असेल तर त्याचं नाव तुझ्या पानावर येऊ शकतं, आणि मग सोमवारी सकाळी त्याच्याच टेबलावर बसायचं. प्रत्यक्ष जाण्याचा फायदा विचारशील तर एवढाच: ज्याने कोड लिहिलाय त्याला कोपराने ढोसून "हे असं का?" विचारता येतं.

संत्रानगरी

मी रेडिओलॉजिस्ट, नागपूर. डेटाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. वेताळ, तुझं खरं घोडं इथे अडणार आहे.

नेहमी सांगतात की डायकॉम (स्कॅन साठवायचं प्रमाण रूप) फाइलमधून नाव, जन्मतारीख, नंबर काढून टाका की झालं अनामिक. एक तर तेवढंही पुरेसं नसतं. खासगी टॅगमध्ये काहीबाही राहतं, सोनोग्राफीच्या चित्रावर तर नाव पिक्सेलमध्येच भाजलेलं असतं. पण डोक्या-मानेच्या सीटीचा प्रश्न त्यापुढचा आहे. स्लायसरमध्ये व्हॉल्यूम रेंडरिंग चालू कर आणि त्वचेचा प्रीसेट लाव. समोर पेशंटचा चेहरा येतो. ओळखीचा माणूस ओळखू येईल इतका. म्हणूनच मेंदूच्या संशोधनात चेहरा खरवडून टाकतात, त्याला डीफेसिंग म्हणतात. आता तू काय खरवडणार? तुला हवाय तो जबडाच त्या चेहऱ्यात आहे. डीफेसिंगच्या साधनाने हनुवटी उडवली की तुझा प्रकल्पही उडाला.

कर्करोगाच्या चित्रांचा अमेरिकेतला मोठा सार्वजनिक साठा म्हणजे टीसीआयए. तिथेही डोक्या-मानेचे बरेच संच याच कारणाने आता खुले नाहीत, अर्ज करून, करारावर सही करून मिळतात. आज अर्ज केलास तर जानेवारीला कामाला येईल. डिसेंबरात करू नकोस. आणि करारात "दुसऱ्याला देणार नाही" असं असतं, तेव्हा पेन ड्राइव्हवरून शेजाऱ्याला वाटायचं नाही, प्रोजेक्ट वीक असला तरी.

आपल्या हॉस्पिटलचा डेटा न्यायचा विचार असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी लागेल. परदेशी संस्थेबरोबर वाटायचा असेल तर आयसीएमआरकडच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) छाननी समितीपर्यंत जावं लागतं का, हेही त्याच कमिटीला लेखी विचार. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, सगळे जरा सावध आहेत. माझा सल्ला: आठवड्याला पेशंटचा डेटा नेऊच नकोस. स्लायसरच्या सॅम्पल डेटामध्ये दातांच्या शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा सीबीसीटी (दातांसाठी वापरतात तो कोन-बीम सीटी) आहे, त्यावर साधन बनव. पोखरलेल्या हाडावरची चाचणी रंकाळा सरांनी त्यांच्या हॉस्पिटलमध्ये, त्यांच्या कमिटीच्या परवानगीने, त्यांच्याच मशीनवर करावी आणि तुला फक्त आकडे द्यावेत.

कोडगा

अवांतर: खुला भारतीय डेटा हवा असेल तर आपल्याच नांदेडचा आयडीआरआयडी आहे की. मधुमेहाने खराब झालेल्या डोळ्याच्या पडद्याचे ५१६ फोटो, त्यातल्या ८१ वर पिक्सेलनिहाय खुणा केलेल्या. २०१८ च्या आयएसबीआय या परिषदेतल्या स्पर्धेत वापरला होता. जगभर लोक वापरतात.

संत्रानगरी

कोडगा, छान आठवण. पण ते टूडी फोटो, आणि डोळा म्हणजे जबडा नव्हे! मात्र एका डोळ्यांच्या दवाखान्यातून किती नीट संच तयार होऊ शकतो याचा तो नमुना आहे, हे खरं. जबड्याचा असा एखादा संच कुणीतरी मनावर घ्यायला हवा.

वेताळ, अजून एक राहिलं. रंकाळा सरांकडच्या चाचणीसाठी पातळ काप लागतील. बहुतेक ठिकाणी पॅक्सवर (हॉस्पिटलचा स्कॅन साठवायचा संगणक) ५ मिमीचे काप ठेवतात, रिपोर्टिंगला तेवढे पुरतात. जबड्याच्या कामाला मिलिमीटरच्या आसपासचे, हाडाच्या कर्नेलने (हाड रेखीव दिसेल अशा गणिताने) काढलेले हवेत. मूळ डेटा स्कॅनरच्या कन्सोलवर थोडेच दिवस राहतो, मग पुसला जातो. म्हणून टेक्निशियनला आधीच सांगून ठेवायचं. नंतर कितीही गोड बोललं तरी ५ मिमीतून १ मिमी निघत नाही. आणि सीबीसीटी हाती आला तर त्यातले आकडे हाउन्सफिल्ड (सीटीतलं घनतेचं माप) म्हणून वापरू नकोस. सीटीत पाणी ० आणि हवा उणे १००० हे ठरलेलं असतं, सीबीसीटीत तसा भरवसा नाही. तिथे "३०० च्या वर म्हणजे हाड" असं थ्रेशोल्ड (सीमा-आकडा) लावलंस तर मशीन बदललं की गणित बदललं.

कोडगा

आता लॅपटॉपचं बोलू, ते माझं खातं.

स्लायसर मूळ कोडपासून बिल्ड करायच्या (स्वतः बांधून काढायच्या) भानगडीत पडू नकोस. आयटीके, व्हीटीके, क्यूटी या लायब्ररी, सगळं खेचून बांधायला तास न् तास आणि भरपूर डिस्क लागते, शिवाय विंडोजवर फोल्डरचा मार्ग लांब झाला की बिल्ड मधेच कोसळतो. तुझं काम पायथनच्या स्क्रिप्टेड मॉड्यूलमध्ये होईल, त्याला बिल्ड लागत नाही. डेव्हलपर मोड चालू कर, एक्स्टेंशन विझार्डने सांगाडा बनव, कोड बदलला की रीलोडचं बटण दाब. लागणाऱ्या लायब्ररी स्लायसरच्या स्वतःच्या पायथनमध्ये, त्याच्याच पिप इन्स्टॉलने टाकायच्या. सिस्टिमच्या पायथनमध्ये टाकून "मॉड्यूल सापडत नाही" म्हणून रडणारे दर वेळी असतात.

जीपीयू नसला तरी चालेल. मॉडेलचे निकाल इथेच कॉलेजच्या मशीनवर काढून सेगमेंटेशन फाइली बरोबर ने. वेट्सही (मॉडेलने शिकलेले आकडे) आधीच उतरवून ठेव. हॉलमधलं वायफाय सगळ्यांचं असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: डावं-उजवं. डायकॉम आणि आयटीके एलपीएस पद्धतीने मोजतात, म्हणजे अक्ष डावीकडे, मागे आणि वर वाढतात. स्लायसर आतून आरएएस वापरतो, उजवीकडे, पुढे, वर. स्लायसर स्वतः फाइल वाचतो-लिहितो तोवर तो सांभाळून घेतो. तू मधेच नमपाय अ‍ॅरे (पायथनमधला आकड्यांचा तक्ता) बाहेर काढून दुसरीकडे चालवलास आणि परत आणलास की तुझी जबाबदारी. अ‍ॅरेचा क्रमही काप, ओळ, स्तंभ असा उलटा येतो. यकृत चुकीच्या बाजूला गेलं तर शेंबडं पोरही ओळखेल. जबडा मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखा. उलटा झाला तरी सुंदर दिसतो.

रंकाळा

कोडगा, हे वाचून अंगावर काटा आला. वेताळ, चाचणीच्या प्रत्येक केसमध्ये एका बाजूला मार्कअपचा बिंदू (स्लायसरमधली खूण) ठेवायचा, "उजवा" असं लिहून, आणि तो सगळ्या टप्प्यांतून शेवटपर्यंत न्यायचा. हे पानावरच लिही.

डब्यातला_नंबर

रंकाळा सर, परवान्याचं पटलं. नावाचं अजून पटलेलं नाही, पण असो. व्हिसाचं कुणी बोललं का? लास पालमास म्हणजे आफ्रिकेच्या बाजूला असलं तरी स्पेनच, शेंगेनच लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, मुंबईतलं स्पेनचं केंद्र बीएलएस चालवतं, फी ९० युरो. डिसेंबरात अपॉइंटमेंट शोधत बसू नका. आणि निमंत्रणपत्र लागलं तर आयोजकांना आधी विचारा.

पाटपाणी

माझ्या मुलाला जाणं जमणार नाही, खर्च आवाक्याबाहेर आहे. पण तो विचारतोय की घरून भाग घेता येतो का? आणि नवशिक्याला घेतात का?

चार्ल्सकाठचा

घेतात. डिस्कॉर्डवर (गप्पांचं अ‍ॅप) प्रत्येक प्रकल्पाला वाहिनी असते, सत्रं ऑनलाइन दिसतात. खरं तर भारतातून भाग घ्यायला जानेवारीचाच आठवडा बरा. कॅनरी बेटांवर हिवाळ्यात ग्रिनिचचीच वेळ, तिथले सकाळचे ९ म्हणजे तुमचे दुपारचे अडीच. जूनमध्ये बॉस्टनचे ९ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा, मग जागरण आलं. मुलाला म्हणावं, प्रकल्प नसला तरी चालेल. कुणाच्या तरी प्रकल्पात मॉड्यूल तपासणं, शिकवणी लिहिणं अशी कामं कायम पडून असतात आणि ती करणाऱ्याचं नाव पानावर येतं. नाव त्यांचंच होतं या तक्रारीला, डब्यातला_नंबर, हेही एक उत्तर धरा.

फक्त घरून करताना तो आठवडा खरंच मोकळा ठेवायला हवा. कॉलेजची प्रॅक्टिकल चालू ठेवून अधूनमधून डोकावणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

वेताळटेकडी

सगळ्यांचे आभार. पानाचा मसुदा टाकतो, फाडून खा.

*प्रकल्प:* गाठीने पोखरलेल्या जबड्याच्या सेगमेंटेशनची तपासणी.
*उद्दिष्ट:* डेंटल सेगमेंटेटरने काढलेल्या जबड्यात हाड गळलंय किंवा नसताना भरलंय अशा जागा शोधून पृष्ठभागावर रंगाने दाखवणारं स्क्रिप्टेड मॉड्यूल, शस्त्रक्रियेच्या नियोजनात वापरण्यासाठी.
*योजना:* आधी सॅम्पल डेटामधला सीबीसीटी. त्यात मुद्दाम ब्रशने भोकं पाडून आणि हाड भरून कृत्रिम चुका तयार करणार, म्हणजे खरं उत्तर आपल्याला माहीत असेल. सेगमेंटच्या सीमेजवळची ग्रे व्हॅल्यू त्याच जबड्याच्या धडक्या भागाशी ताडून संशयित जागा काढणार, ठरावीक हाउन्सफिल्ड आकडा कुठेच वापरणार नाही. डावं-उजवं तपासायला प्रत्येक केसला मार्कअप बिंदू. निघालेला जबडा बोन रीकन्स्ट्रक्शन प्लॅनरला देता येईल अशा रूपात ठेवणार. खऱ्या केसेसची चाचणी हॉस्पिटलमध्येच, परवानगी मिळाल्यावर, आठवड्याच्या बाहेर.

रंकाळा

चांगलं झालंय. "शस्त्रक्रियेच्या नियोजनात वापरण्यासाठी" हे शब्द काढ. स्लायसर संशोधनासाठी आहे, पेशंटवर वापरायची मान्यता त्याला नाही. मी माझ्या जबाबदारीवर काय करतो ते वेगळं. "नियोजनाच्या संशोधनासाठी" म्हण. आमच्या कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून ठेवतो, प्रोटोकॉलचा कच्चा मसुदा तू पाठव.

संत्रानगरी

चांदी भरलेले दात कुठे गेले? पट्ट्यांमुळे ग्रे व्हॅल्यू बिघडते, म्हणजे तुझं मॉड्यूल तिथे सगळीकडे लाल रंगवेल. निदान दातांच्या ओळीजवळचा पट्टा वेगळ्या रंगात दाखव, "इथे भरवसा नाही" म्हणून. डेंटल सेगमेंटेटर दात वेगळे देतंच, त्यांच्यापासूनचं अंतर मोजलं की झालं.

वेताळटेकडी

दोन्ही बदल केले. संत्राताई, अंतराची कल्पना भारी आहे, ती वेगळा टप्पा म्हणून घातली. दोन्ही कर्त्यांना डिस्कोर्सवर लिहिलंय, पुल रिक्वेस्ट पुढच्या कॉलच्या आधी टाकतो.

पाटपाणी

मुलगा विचारतोय, कृत्रिम चुका पाडायचं काम त्याला मिळेल का? आणि कॉल आपल्या वेळेनुसार किती वाजता?

वेताळटेकडी

मिळेल की, धावत या म्हणावं! सेगमेंट एडिटर शिकून ठेवायला सांगा, निरोपात माझा डिस्कॉर्डचा पत्ता देतो.

चार्ल्सकाठचा

कॉलची वेळ बॉस्टनच्या घड्याळाने लिहिलेली असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. तोवर इथले सकाळचे १० म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात, त्यानंतर साडेआठ. दर वर्षी भारतातले दोघं-तिघं त्या आठवड्यात तासभर आधी येऊन एकटेच बसलेले असतात.